घरची गाडी आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल : निर्णय कसा करावा?

उसाच्या पट्ट्यातील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. वडील ऊस उत्पादक आणि सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहेत. मुलगा शिक्षक असून शाळेसाठी रोज ४० किलोमीटर मोटारसायकलने जा-ये करतो. सून ग्रामपंचायतीची सदस्य असून उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब तिच्याकडे असतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाचा या तिघांशी संबंध येतो आणि तिघांच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगवेगळा आहे. वडिलांच्या दृष्टीने ते उसाच्या बिलाचे साधन, मुलाच्या दृष्टीने गाडीच्या 'ॲव्हरेज'चा प्रश्न आणि सुनेच्या दृष्टीने पाण्याचा प्रश्न.

या विषयावर गावोगावी बोलले पुष्कळ जाते. कोणी म्हणतो, इथेनॉलने इंजिन जळते. कोणी म्हणतो, काहीच होत नाही. दोन्ही विधाने सरसकट खरी नाहीत. गाडी कोणत्या सालची, ती किती चालते आणि तिची निगा कशी राखली जाते, यांवर उत्तर अवलंबून असते. हे उत्तर प्रत्येक कुटुंबाला स्वतः काढता यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

धोरणाची वाटचाल

इथेनॉल म्हणजे मद्यार्क. उसाचा रस, साखर कारखान्यातील मळी, मका किंवा तांदूळ यांतील शर्करा अथवा पिष्ट आंबवून आणि नंतर त्याचे ऊर्ध्वपातन करून ते मिळते. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी त्यातील पाणी जवळजवळ संपूर्णपणे काढून टाकावे लागते.

वाहनांच्या इंधनात मद्यार्क मिसळण्याची कल्पना आपल्या देशात नवी नाही. त्यासाठी १९४८ मध्येच केंद्राने 'पॉवर अल्कोहोल' कायदा केला होता. अलीकडच्या कार्यक्रमाचा आरंभ २००१ मधील प्रायोगिक योजनांनी झाला. त्यासाठी निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन आपल्या राज्यातील होती. तिसरे उत्तर प्रदेशात बरेलीजवळ होते. जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. तथापि, पुरवठ्याच्या अडचणींमुळे तो दीर्घकाळ रेंगाळला. २०१३-१४ मध्ये देशातील मिश्रणाचे प्रत्यक्ष प्रमाण अवघे १.५३ टक्के होते.

पुढील प्रगती मात्र वेगाने झाली. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाच्या, म्हणजे 'ई-२०' पेट्रोलच्या विक्रीस निवडक पंपांवर प्रारंभ झाला. मूळ धोरणात २०३० साठी ठरविलेले २० टक्क्यांचे उद्दिष्ट अलीकडे आणण्यात आले आणि ते २०२५ मध्ये साध्य झाले. त्यामुळे बहुतेक पंपांवर ग्राहकाला ई-२० हेच साधे पेट्रोल म्हणून मिळू लागले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्यायही उपलब्ध असावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. साहजिकच, 'हे पेट्रोल घ्यावे की नाही' या प्रश्नाचे स्वरूप आता 'आपल्या गाडीला हे पेट्रोल कितपत मानवेल आणि त्यासाठी आपण काय करावे' असे झाले आहे.

इथेनॉल गाडीत काय करते?

पहिली गोष्ट उष्णतेची. एक लिटर पेट्रोल जाळले असता सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१ मेगाज्यूल. म्हणजे इथेनॉलमध्ये साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. यावरून हिशेब केला तर शुद्ध पेट्रोलपेक्षा ई-२० मध्ये लिटरमागे सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी भरते. १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत हा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. हे साधे अंकगणित आहे आणि ते कोणत्याही प्रचाराने बदलत नाही.

दुसरी गोष्ट इथेनॉलच्या बाजूची आहे. त्याचा ऑक्टेन अंक सुमारे १०८ आहे. ऑक्टेन अधिक असलेले इंधन दाबाखाली अवेळी पेट घेत नाही, म्हणजे इंजिन 'ठोकत' नाही. या गुणाचा उपयोग करून घेईल असे इंजिन बनविले, तर कमी ऊर्जेची तूट बऱ्याच अंशी भरून निघते. मात्र, जुन्या इंजिनाला हा लाभ पूर्णपणे उचलता येत नाही. त्याच्या वाट्याला तूट येते, भरपाई थोडीच येते.

तिसरी गोष्ट हवेची. पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरते. ज्या गाडीत इंधन-इंजेक्शन आणि धुराड्यात ऑक्सिजन मोजणारा संवेदक आहे, ती गाडी इंधनाचे प्रमाण आपोआप जुळवून घेते. कार्ब्युरेटरला ही समज नसते. त्याचे जेट ठराविक मापाचे असल्याने मिश्रण विरळ होते. त्यामुळे सकाळी गाडी सुरू होण्यास त्रास होणे, मध्येच झटका देणे किंवा इंजिन नेहमीपेक्षा अधिक तापणे, अशी लक्षणे दिसू शकतात.

चौथी गोष्ट रबराची व धातूची. इथेनॉल चांगले द्रावक आहे. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, वायसर आणि गॅस्केट त्यामुळे फुगतात, कडक होतात किंवा त्यांना तडे जातात. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला मळही ते सोडविते आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो.

गाडी कोणत्या सालची?

निर्णयाचा पहिला कागद म्हणजे गाडीचे नोंदणी पुस्तक. त्यात उत्पादनाचा महिना व वर्ष दिलेले असते. त्यावरून ढोबळमानाने तीन गट पडतात.

पहिला गट एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचा. यांतील नळ्या, वायसर इत्यादी भाग ई-२० ला टिकतील असे केलेले आहेत. एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनेही ई-२० साठी जुळविलेली आहेत. अशा गाडीच्या मालकाने चिंता करण्याचे कारण नाही.

दुसरा गट एप्रिल २०२० ते मार्च २०२३ या काळातील भारत स्टेज-सहा गाड्यांचा. या मानकाबरोबर बहुतेक दुचाकींमध्येही इंधन-इंजेक्शन आले. त्यामुळे इंधनाचे प्रमाण जुळण्याचा प्रश्न फारसा राहत नाही. मात्र अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाचा उल्लेख असतो. तेथे कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे गाडीचा क्रमांक देऊन कोणते रबरी भाग बदलावेत, हे लेखी विचारून घ्यावे.

तिसरा गट त्याआधीच्या गाड्यांचा. कार्ब्युरेटरच्या मोटारसायकली व स्कूटर, तसेच पंधरा-वीस वर्षांच्या मोटारी यात येतात. ग्रामीण भागात आजही या गाड्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या मालकांची नवी गाडी घेण्याची ऐपत असेलच असे नाही. खरी काळजी घ्यावयाची ती याच गटाने.

केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या खुलाशानुसार, ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळविलेल्या चारचाकींत 'ॲव्हरेज'ची घट १ ते २ टक्के, तर इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के होऊ शकते. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटर धावल्यानंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील, असेही त्यात मान्य केले आहे. ई-२० वापरल्याने वाहनाचा विमा रद्द होत नाही, हेही मंत्रालयाने त्याच वेळी स्पष्ट केले. विम्याबद्दलची अफवा ऐकून कोणी घाबरून जाऊ नये.

घरखर्चाचा हिशेब

आता वर वर्णिलेल्या शिक्षकाचा हिशेब मांडू. महिन्यास २५ दिवस, रोज ४० किलोमीटर, म्हणजे १,००० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर जात असेल तर २० लिटर पेट्रोल लागते. 'ॲव्हरेज' ३ टक्के घटले तर ते साडेअठ्ठेचाळीस होईल आणि सुमारे ०.६ लिटर जादा लागेल. ६ टक्के घटले तर ते ४७ होईल आणि सुमारे १.३ लिटर जादा लागेल. पेट्रोलचा दर सोयीसाठी लिटरला १०० रुपये धरला, तर महिन्याचा वाढीव खर्च ६० ते १३० रुपये.

याच घरात लिटरला १५ किलोमीटर जाणारी जुनी मोटार असून ती महिन्यास ६०० किलोमीटर धावत असेल, तर ४० लिटर पेट्रोल लागते. ६ टक्के घटीत सुमारे अडीच लिटर, म्हणजे २५५ रुपये जादा लागतील. वर्षाचे सुमारे ३,०६० रुपये. यात नळ्या, फिल्टर व वायसर बदलण्याचा एकदाचा खर्च मिळवावा. ही रक्कम संसार बुडविणारी नाही. तथापि, मोजक्या पगारावर चालणाऱ्या घरात ती नगण्यही नाही.

काही जण यावर उपाय म्हणून १०० ऑक्टेनचे महाग पेट्रोल भरतात. ते लिटरमागे ५० रुपयांनी महाग आहे असे धरले, तर वरील मोटारीस महिन्याला २,००० रुपये जादा मोजावे लागतील. तेही २५५ रुपयांची तूट टाळण्यासाठी. हा व्यवहार बहुतेकांना परवडणारा नाही. शिवाय पेट्रोल महाग आहे, एवढ्यावरून त्यात इथेनॉल नाही असे समजू नये. पंपावर तसे स्पष्ट विचारावे.

'ॲव्हरेज' स्वतः मोजण्याची पद्धत सोपी आहे. एकाच पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर तशीच टाकी भरावी. धावलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हे खरे 'ॲव्हरेज'. अशी तीन मोजमापे घेऊन सरासरी काढावी. चाकांत हवा कमी असणे, साखळी कोरडी असणे किंवा हवेचा फिल्टर तुंबलेला असणे, यांमुळेही 'ॲव्हरेज' तितकेच किंवा त्याहून अधिक घटते. म्हणून प्रथम ही कारणे दूर करावीत आणि उरलेली घट इथेनॉलच्या नावे मांडावी.

पाणी : टाकीतील आणि शेतातील

इथेनॉल पाणी ओढून घेते. १० टक्क्यांच्या मिश्रणात लिटरमागे सुमारे ५ मिलिलिटर पाणी सामावते; २० टक्क्यांच्या मिश्रणात त्याहून काहीसे अधिक. पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलला सोबत घेऊन टाकीच्या तळाशी बसते. इंजिनाकडे जाणारे इंधन तळातूनच उचलले जात असल्याने गाडी सुरूच होत नाही. कोकणातील चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या दुचाकींनी याची विशेष काळजी घ्यावी. टाकीचे झाकण व त्याचा रबरी वायसर घट्ट असावा. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नये, कारण रिकाम्या जागेत दमट हवा शिरते आणि लोखंडी टाकी आतून गंजते. सुटीत गावाबाहेर जाताना गाडी शेजाऱ्यांकडे देऊन आठवड्यातून एकदा फिरविण्यास सांगणे हा साधा, पण उपयुक्त उपाय आहे.

माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षकांना हाच गुणधर्म विद्यार्थ्यांना दाखविता येईल. मापनपात्रात १० मिलिलिटर पाणी घेऊन त्यावर ९० मिलिलिटर पेट्रोल ओतावे, बूच लावून हलक्या हाताने हलवावे, बूच किंचित उघडून वाफ जाऊ द्यावी आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाचा पाण्याचा थर १० वरून सुमारे २८ मिलिलिटरपर्यंत वाढलेला दिसेल. ही १८ मिलिलिटरची वाढ म्हणजे ९० मिलिलिटर पेट्रोलमधील साधारण २० टक्के इथेनॉल. प्रयोग शिक्षकांनी स्वतः, उघड्या हवेत आणि ज्योत, ठिणगी व विजेच्या बटणापासून दूर करावा. उरलेले द्रव गटारात ओतू नये.

शेतातील पाण्याचा प्रश्न याहून मोठा आहे. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात, उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यासाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नमूद आहे. आपल्या उदाहरणातील कुटुंब मोटारसायकल व मोटार मिळून महिन्यास ६० लिटर पेट्रोल वापरते. त्यात १२ लिटर इथेनॉल असते. ते सर्व उसापासून झाले असे धरल्यास त्यामागे ३४,३२० लिटर पाणी आहे. १० हजार लिटरचे जवळजवळ साडेतीन टँकर! गावात टँकर मोजणाऱ्या सदस्येला हा आकडा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

हा हिशेब मांडताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऊस केवळ इथेनॉलसाठी लावला जात नाही. साखर काढून उरलेल्या मळीपासून इथेनॉल केले तर पाण्याचा बराचसा भार साखरेच्या खाती पडतो. शिवाय २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात देशातील निम्म्याहून अधिक इथेनॉल मका व तांदूळ यांपासून आले. मक्याला पाणी पुष्कळ कमी लागते. मात्र तेथे कुक्कुटपालन व्यवसायाच्या खाद्याशी स्पर्धा उभी राहते.

उत्पादकाला काय मिळते?

साखर कारखान्यांच्या दृष्टीने इथेनॉलचे महत्त्व पैशाच्या फिरण्यात आहे. गळीत हंगामात तयार झालेली साखर वर्षभर थोडी थोडी विकली जाते, तोवर ती गोदामात राहते आणि तिच्यावर व्याज चढते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तुलनेने लवकर मिळतात आणि त्यामुळे ऊस उत्पादकांची देणी वेळेवर देणे सुलभ होते. २०२४-२५ साठी केंद्राने ठरविलेले दर सी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ५७.९७ रुपये, बी-हेवीला ६०.७३ रुपये आणि थेट रसापासूनच्या इथेनॉलला ६५.६१ रुपये असे होते. मक्यापासूनच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये होते.

हे उत्पन्न पावसावर अवलंबून आहे, हेही विसरता येत नाही. २०२३ मध्ये पाऊस अपुरा झाल्याने साखर कमी पडेल, या भीतीने केंद्राने ७ डिसेंबर २०२३ रोजी थेट रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०२४ पासूनच्या पुरवठा वर्षासाठी ते उठविण्यात आले. मधल्या काळात आसवन्यांसाठी कर्ज काढून बसलेल्या कारखान्यांची ओढाताण झाली.

राष्ट्रीय पातळीवरील लाभ मोठा आहे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत इथेनॉलमुळे १.४४ लाख कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले.

तरीही ग्राहकाचा एक न्याय्य प्रश्न उरतो. २०२१ च्या अहवालात, 'ॲव्हरेज'मधील घटीची भरपाई म्हणून मिश्रित इंधनावर कर सवलतीचा विचार व्हावा, असे सुचविले होते. त्या वेळी इथेनॉल पेट्रोलहून स्वस्त होते. पुढे खरेदीचे दर वाढले आणि ती स्थिती राहिली नाही. ब्राझीलमध्ये पंपावर इथेनॉल आणि मिश्रित पेट्रोल शेजारी शेजारी मिळतात. २००३ पासून तेथे दोन्हींवर चालणाऱ्या मोटारी आल्या. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरावे, असा तेथील चालकाचा साधा ठोकताळा आहे. ऊर्जा कमी तर दर कमी, हे तत्त्व तेथे पंपावरच दिसते. आपल्याकडे जुन्या गाडीचा मालक तूट सोसतो, परंतु त्याचे मोल त्याला कोठे परत मिळत नाही. ही बाब लोकप्रतिनिधींनी योग्य त्या ठिकाणी मांडण्यासारखी आहे.

मग निर्णय काय?

नव्या गाडीच्या मालकाने निःशंकपणे ई-२० वापरावे. २०२० ते २०२३ मधील गाडीच्या मालकाने माहितीपुस्तिका पाहावी, सेवा केंद्राचा लेखी सल्ला घ्यावा आणि नियमित दुरुस्तीच्या वेळी सांगितलेले भाग बदलावेत. त्याआधीच्या गाडीच्या मालकाने पुढील चार कामे पावसाळ्यापूर्वी करून घ्यावीत : पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या ई-२० ला टिकणाऱ्या बसविणे, फिल्टर बदलणे व काही महिन्यांनी पुन्हा तपासणे, कार्ब्युरेटर स्वच्छ करून जाणत्या मिस्त्रीकडून जुळवून घेणे, आणि टाकीचे झाकण व वायसर पाहणे. गाडीजवळ पेट्रोलचा वास येऊ लागला तर ती तशीच चालवू नये. तडा गेलेल्या नळीतून गळणारे पेट्रोल आगीला आमंत्रण देते. केवळ इथेनॉलच्या भीतीने धडधाकट जुनी गाडी मोडीत काढण्याचे मात्र कारण नाही. महिन्याच्या शंभर-दोनशे रुपयांच्या तुटीपेक्षा नव्या गाडीच्या कर्जाचा हप्ता कितीतरी मोठा असतो.

ग्रामपंचायतींनी एखाद्या ग्रामसभेत गावातील मिस्त्री, विज्ञान शिक्षक आणि पंपचालक यांना एकत्र आणून ही माहिती द्यावी. जुन्या दुचाकींच्या नळ्या तपासण्याचे एक दिवसाचे शिबिर घेण्यास फारसा खर्च येत नाही. वाहनमालकांनी 'ॲव्हरेज'ची वही ठेवावी. पाच-पंचवीस वह्यांतील आकडे एकत्र आले, तर गावाच्या हाती स्वतःचा पुरावा राहील आणि सवलतीची मागणी असो वा शंकेचे निरसन, त्याला ऐकीव गोष्टींपेक्षा अधिक वजन येईल.